हसण्यावारी

"काकू, हसू नका ना! तुम्ही हसलात की मलाही हसू येतं आणि प्रश्न तिथेच राहतो," रेडिओ म्हणाली.

"हसत नाहीये गं. चहा गरम आहे," असं म्हणून काकूंनी कपाआड तोंड लपवलं.

कॉलेजच्या कँटीनमधलं, भिंतीला टेकवून ठेवलं नाही तर डुगडुगणारं टेबल. त्यावर तीन कप, बिस्किटांचा अर्धा पुडा आणि प्रश्नांचा कागद. पहिल्याच प्रश्नावर घोडं अडलं होतं: 'साठी ओलांडलेल्या विधवेने किंवा विधुराने पुन्हा लग्न करायचं ठरवलं, तर मुलांची संमती घ्यावी का?'

"'विधुर' काढा," वकील म्हणाला. "कुणाला कळत नाही. मला स्वतःला परवा कळला."

"मग काय लिहू? बायको गेलेला म्हातारा?" रेडिओनं विचारलं.

आता मात्र काकूंच्या नाकात चहा गेला.

रेडिओ म्हणजे त्यांच्या गटातली मुलगी. ती झोपेतही बोलते असं तिची खोलीतली मैत्रीण शपथेवर सांगायची. वकील काही वकील नव्हता, होण्याचा विचारही नव्हता. पण त्याला सगळे नियम पाठ असायचे आणि ते दुसऱ्यांनी पाळावेत याकडे त्याचं बारीक लक्ष असायचं. आणि काकू या सगळ्या वर्गाच्या काकू होत्या. शिकवणाऱ्या मॅडमही एकदा बोलण्याच्या ओघात त्यांना काकू म्हणून गेल्या, आणि मॅडम काकूंहून मोठ्या होत्या.

विषयाचं नाव होतं 'वादग्रस्त सामाजिक प्रश्न'. तिघातिघांचे गट करायचे, चिठ्ठी उचलायची आणि निघेल त्या प्रश्नावर सहा महिने माणसांशी बोलायचं. शेजारच्या गटाला फाशीची शिक्षा झाली होती आणि ते खुशीत होते. या तिघांना उतारवयातलं लग्न लागलं. रेडिओचा चेहरा पडला. "यात वाद कुठाय? कोणी करत असेल तर करू दे की," ती म्हणाली. काकू म्हणाल्या, "अगं, या वयात लग्न करून करायचं काय? एकमेकांच्या गोळ्या मोजायच्या?" तेव्हाही तिघं हसले होते.

मॅडमची कामाची रीत ठरलेली होती. मुलाखतीला तिघांनी जायचं. एकानं विचारायचं, एकानं लिहायचं, एकानं नुसतं बघायचं. फोनवर आवाज टिपायचा नाही, कारण फोन पुढे ठेवला की माणूस भाषण करतो. लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. शेवटी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि बोलणाऱ्यानं 'हो, हे माझंच' म्हटलं तरच ते धरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या घरातलं माणूस घ्यायचं नाही. "घरच्यांना विचारलं की घरच्यासारखंच उत्तर येतं," मॅडम म्हणायच्या. तसं केलेलं सापडलं की मुलाखत रद्द. एवढे नियम पाठ असलेल्या वकिलानंच आपल्या मामाला 'एक परिचित गृहस्थ' म्हणून खपवायचा प्रयत्न केला, वाचून दाखवताना मामानं "भाच्या, हे नको लिहूस" म्हटलं, काकू कुठे काही बोलल्या नाहीत पण रेडिओनं ते वर्गभर केलं, आणि ती मुलाखत गेली. त्यामुळे गटाला एक मुलाखत कमी पडत होती, आणि ती मिळाली नाही तर तिघंही लटकणार होते.

लिहायचं काम काकूंकडे असण्याला कारण होतं. त्यांना शॉर्टहँड येत होतं. वर्गातल्या मुलांना त्यांची वही म्हणजे पाल चालून गेल्यासारखी वाटायची. शाळा सुटली आणि काकू ते शिकल्या, त्या जोरावर ऑफिसात लागल्या, आणि उभा जन्म साहेबांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसून 'घ्या' म्हटलं की घेत राहिल्या. साहेब आले, साहेब गेले. साहेबांनी त्यांच्यासमोर फोनवर शिव्या दिल्या, बायकोची समजूत काढली, एकदा एक साहेब बदलीचा कागद सांगता सांगता रडले. काकूंची पेन्सिल तेवढी चालू. खोलीतल्या पंख्यासमोर कोणी लाजतं का? हल्लीचे साहेब स्वतःच दोन बोटांनी टाइप करतात, त्यामुळे काकू आवक-जावकच्या टेबलावर आल्या. तिथून वरची जागा हवी तर पदवी लागते. म्हणून हे सकाळचं कॉलेज. "जा, शीक," नवरा म्हणाला होता. "सकाळी बाथरूम तरी वेळेवर मिळेल मला."

घरात काकू, नवरा आणि काकूंची आई. मुलगा शिकायला परगावी. वडील गेल्यावर आई इकडे राहायला आली, ती सोबत स्वतःची उशी आणि स्वतःची मतं घेऊन. मायलेकींचं कडाक्याचं भांडण व्हायचं, कपडे कुठल्या दोरीवर वाळत घालायचे यावरूनसुद्धा. आणि चहा टाकला की मिटायचं. संध्याकाळी आई बागेत जायची. तिथे तिचा चार जणांचा घोळका होता. त्यात एक टाइमकीपर होते. बस डेपोत टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दुसऱ्या शहरात.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. काकू कणीक मळत होत्या. आई म्हणाली, "टाइमकीपर म्हणत होते, दोन घरांत दोन दिवे कशाला जाळायचे."

"म्हणजे?"

"म्हणजे लग्न. तसं नाहीतर असं, पण बरोबर राहावं म्हणतात."

काकूंना हसू फुटलं. त्यात वाईट काही नव्हतं. शेजारचं लहान पोर चपला उलट्या घालून 'मी ऑफिसला जातो' म्हणालं की येतं तसं हसू. बाहेरून नवरा ओरडला, "म्हणजे मला नवा सासरा? वा! या वयात कोणीतरी माझे लाड करेल!" मग काकूंना हसू आवरेना. आईही हसली. सालं गोळा करून तिनं डब्यात टाकली आणि म्हणाली, "कणीक सैल झालीय बघ." विषय संपला. दुसऱ्या दिवशी काकूंनी ऑफिसात डबा खाताना ही गंमत सांगितली, तिथेही सगळ्या हसल्या.

कँटीनमधल्या त्या चहानंतर दोन-तीन दिवसांतच रेडिओ धावत आली. "आजी सापडल्या! बागेजवळच्या वाचनालयात. काय बोलतात, काय बोलतात! मी गप्प बसले होते, बोला!"

"तू?" वकील म्हणाला. "मग त्यांना घ्यायलाच हवं."

"यायला तयार आहेत. मी सगळं सांगितलं, मला रेडिओ म्हणतात, तुमचं नाव कुठे येत नाही, आमच्या एक काकू आहेत त्या शॉर्टहँडमध्ये भराभर लिहितात, सगळं. त्यांची एकच अट आहे. म्हणाल्या, लिहिणारी बाई मध्ये बोलणार नाही ना? मग येते."

"नियमच आहे तो," वकील समाधानानं म्हणाला.

वाचनालयाच्या मागे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवायची खोली होती. ग्रंथपालांनी चार खुर्च्या दिल्या. काकूंनी पेन्सिलीला टोक केलं, वहीवर तारीख टाकली, आणि मान वर केली तर दारात त्यांची आई उभी होती.

ठेवणीतला चष्मा लावला होता. सकाळी चहा पिताना ती फक्त "आज जरा लवकर जाईन म्हणते बाहेर" एवढंच म्हणाली होती.

"या आजी! हा बघायला आहे, याच्याकडे लक्ष देऊ नका. आणि या आमच्या काकू, लिहून घेतील."

आईनं काकूंकडे नीट पाहिलं, बँकेतल्या खिडकीपलीकडच्या माणसाकडे पाहावं तसं. "नमस्कार बाई," ती म्हणाली आणि बसली.

काकूंनी तोंड उघडलं होतं. ही माझी आई आहे, एवढं म्हटलं की झालं. पण जिनं जन्म दिला तिनंच इतक्या सफाईनं 'बाई' म्हटल्यावर पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचेना. तेवढ्यात रेडिओनं पहिला प्रश्न विचारला, आणि समोर कोणी बोलायला लागलं की काकूंचा हात आपला आपण चालतो.

"घरी कोण कोण असतं, आजी?"

"मुलगी, जावई. चांगली आहेत दोघं. हे आधी लिहा. मागून लिहिलं की खोटं वाटतं."

"तुमच्या मनात पुन्हा लग्नाचा विचार आला होता?"

"माझ्या नाही. त्यांच्या. बागेत यायचे. टाइमकीपर म्हणायचे सगळे. आयुष्यभर कुठली बस किती उशिरा आली ते लिहिलं आणि स्वतः रोज उशिरा यायचे. विचारलं तर म्हणाले, आता माझी नोंद ठेवणारं कोणी नाही. म्हटलं, मी ठेवते."

"अय्या! मग?"

वकील खोकला. विचारणाऱ्यानं 'अय्या' म्हणायचं नसतं.

"मग काय, ठेवायला लागले. त्यांना दिसायचं कमी, मला ऐकायला येतं कमी. मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. ते रेडिओवरचं ऐकून मला सांगायचे. खरे रेडिओ ते, बाळ, तू नव्हे. अर्ध्या बातम्या मनानंच सांगायचे, मला कळायचं. चांगल्या असायच्या."

"याला प्रेम म्हणायचं का, आजी?"

"तुमच्या कागदावर तसा रकाना आहे का?"

"नाही."

"मग राहू द्या."

रेडिओनं प्रश्नांचा कागद उलटला. मग तिनं विचारलं, "घरी सांगितलंत?"

"त्यांनी मुलाला सांगितलं. मुलगा भडकला. आठवडाभर फोन केला नाही. मग फोन करून म्हणाला, बघू. म्हणजे भांडण झालं, पण बोलणं झालं. मी मुलीला सांगितलं."

"मग?"

"हसली."

शॉर्टहँडमध्ये तो शब्द अगदीच लहान आहे. एक रेघ, टोकाला आकडी. काकूंची पेन्सिल ती काढून पुढच्या शब्दासाठी थांबली.

"हसली म्हणजे नाही म्हणाली?"

"नाही म्हणाली असती तर बरं होतं. नाही म्हटलं की 'का' विचारता येतं. चिडली असती तर मी चिडले असते, आम्ही दोघी भांडायला चांगल्या आहोत. हसल्यावर काय करायचं? मीही हसले. सगळे हसत असताना आपण तोंड पाडून बसणं बरं दिसत नाही. आणि आपल्याच गोष्टीला आपण एकदा हसलो ना, की ती पुन्हा काढता येत नाही."

"राग आला तुम्हाला?"

"नाही गं. वाईट नाही ती. तिला खरंच वाटलं मी गंमत करतेय. म्हातारं माणूस एकतर कुरकुर करतं नाहीतर गंमत. तिसरं काही बोलत असेल हे कुणाच्या ध्यानातच येत नाही."

"आणि टाइमकीपर?"

"त्यांनी विचारलं, काय म्हणाली मुलगी? म्हटलं, हसण्यावारी नेलं. तर म्हणाले, मग राहू द्या. मुलगा येऊन घेऊन गेला मागे. आता फोन करतात कधीतरी. मला फोनवर धड ऐकू येत नाही. मी आपली हो, हो म्हणते. ते काय विचारतात कोण जाणे."

रेडिओनं कागदावर बघितलं. "शेवटचा प्रश्न, आजी. मुलांची संमती घ्यावी का?"

"संमती कशाला? मी काय शाळेच्या सहलीला निघालेय? पण मुलांनी हातातलं काम ठेवावं, समोर बसावं आणि सगळं ऐकून घ्यावं. मग म्हणावं नाही, म्हणायचं तर."

आता वाचून दाखवायचं होतं. काकूंनी वहीचं पान मागे उलटलं. साहेबांना मसुदा वाचून दाखवतात तो त्यांचा एक आवाज होता. त्यात चढ नसे, उतार नसे, पूर्णविराम तेवढे कळत. त्या आवाजात त्यांनी आईचं बोलणं आईला वाचून दाखवायला सुरुवात केली. मुलगी, जावई. चांगली आहेत दोघं. आई मान डोलवत होती. "मी मुलीला सांगितलं," काकूंनी वाचलं. "हसली."

"मोठ्यानं वाच गं जरा," आई म्हणाली.

तो 'गं' रेडिओला उद्देशून असता तर कुणाचं लक्षही गेलं नसतं. वकिलानं मान वर केली. बघणं हेच त्याचं काम होतं. त्यानं आजींकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"आजी, तुम्ही काकूंना ओळखता का?"

"आत्ताच तर तुम्ही ओळख करून दिलीत," आई म्हणाली. मग काकूंकडे वळून, "का हो बाई, तुमची आई असेल ना माझ्याएवढी?"

लिहिणाऱ्यानं बोलायचं नव्हतं. पण प्रश्न बोलणाऱ्याकडूनच आला तर काय करायचं, हे नियमात नव्हतं.

"आहे," काकू म्हणाल्या.

"बरी आहे ना?"

"विचारलं नाही बरेच दिवसांत."

"हं," आई म्हणाली. "वाचा पुढे. तिथूनच वाचा."

काकूंनी मोठ्यानं वाचलं. "हसली." पुढचंही सगळं वाचलं. संमती कशाला, मी काय शाळेच्या सहलीला निघालेय. शेवटचा शब्द झाल्यावर आईनं चष्मा काढून पुसला.

"हो," ती म्हणाली. "हे माझंच."

बाहेर पायऱ्यांवर रेडिओ नाचायची तेवढी बाकी होती. वकील मागे रेंगाळला. त्यानं आपला कागद काकूंपुढे धरला. बघणाऱ्यानं हातवारे, चेहरा असं काय काय टिपायचं असतं. त्यात शेवटी लिहिलं होतं: 'बोलणाऱ्या आणि लिहिणाऱ्या, दोघींनाही डाव्या हाताचा अंगठा मुठीत धरून बसायची सवय.'

"काकू, हे ठेवू?"

काकूंनी खाली पाहिलं. अंगठा मुठीत होता.

"तुला दिसलं ते तू लिहिलंस," त्या म्हणाल्या. "मी काय सांगणार?"

वकिलानं खिशातलं पेन काढलं. मग "माझ्या मामाच्या वेळी तुम्ही कुणाला काही बोलला नव्हतात," असं पुटपुटून त्यानं ती ओळ खोडली. पण चेहरा समाधानी नव्हता. नियम मोडताना त्याचा चेहरा कधीच समाधानी नसे.

संध्याकाळी काकू घरी आल्या तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. नवरा अजून यायचा होता.

"आई, आज ते..."

"आज माझी मुलाखत झाली," आई म्हणाली. "कॉलेजची पोरं होती. गोड पोरं. एक बाई होती लिहायला, फारशी बोलली नाही."

"आई."

"काय?"

"घरातलं माणूस चालत नाही आम्हाला. मला मॅडमना सांगावं लागेल."

"सांगितलंस की काय होतं?"

"मुलाखत रद्द होते."

आईचे हात टॉवेलवर थांबले. "म्हणजे मी बोलले ते?"

"ते धरत नाहीत मग."

"तुझं काय जाईल त्यात? नापास होशील?"

"होईन बहुतेक. त्याचं काही नाही गं. पुढच्या वर्षी बसेन परत. पण खोटं कशाला? आणि तसंही मला तुझ्याशी बोलायचंय. मी तेव्हा..."

"तुझं बोलायचं नंतर बोल," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "एकदा तू धरलं नाहीस. आता परत नाही धरणार?"

काकू पलंगाच्या कडेला बसल्या.

"त्या खुर्चीवर मी कुणाची आई नव्हते," आई म्हणाली. "तू आत आहेस हे मला ठाऊक होतं. शॉर्टहँडवाल्या काकू गावात किती असतील? म्हणून तर आले. तू लिहिशील तर एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही, हे मला माहीत आहे. आता ते लिहिलंयस, वाचलंयस. राहू दे तसंच." तिनं टॉवेलची घडी काकूंच्या हातात दिली. "हा तुझ्या नवऱ्याच्या कपाटात ठेव. ओला आहे कोपऱ्यात, पण त्याला कळत नाही."

अहवाल वाचायच्या दिवशी वर्ग भरलेला होता. फाशीवाल्यांचं आधी झालं, त्यात हाणामारी व्हायचीच बाकी राहिली. मग रेडिओ उभी राहिली. तिनं आजींची मुलाखत जशीच्या तशी वाचली. 'म्हटलं, मी ठेवते' या वाक्याला मुलं हसली, चांगलं हसली. 'हसली' या शब्दाला कोणी हसलं नाही.

वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "कसली मुलगी आहे ही!"

मग सुरूच झालं. अशा लोकांना आईची पेन्शन तेवढी चालते. हिला स्वतःला नवरा आहे ना, मग हिला काय कळणार. म्हातारपणी हिच्यावर अशी वेळ आली म्हणजे समजेल. एक मुलगी तर डोळे पुसत म्हणाली, "मी असते तर आईच्या पाया पडले असते." वर्गातली चर्चा टिपायचं कामही काकूंकडेच असायचं. त्या टिपत होत्या. कोण काय म्हणालं, ज्याच्या त्याच्या नावापुढे. रेडिओ पण तावातावानं बोलत होती. वकील मात्र बाकावर नखानं रेघ ओढत बसला होता.

"काकू," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही समोर होतात. त्या मुलीबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

काकू उभ्या राहिल्या. लहानपणी शाळेत राहायच्या तशा, बाकाला धरून. सगळा वर्ग वळून बघत होता. आता एक वाक्य बोललं असतं तर त्यांना फार बरं वाटलं असतं. वर्ग गप्प झाला असता, कुणीतरी पाणी आणून दिलं असतं, मॅडमनी पाठीवर हात ठेवला असता. आणि आईचं बोलणं केराच्या टोपलीत गेलं असतं.

"ती वाईट नाही असं आजींनी सांगितलंय," त्या म्हणाल्या. "ते कुणी वाचताना लक्षात घेतलं नाही, एवढंच."

"ते आजींचं मत झालं. तुमचं?"

"माझं..." काकू थांबल्या. "तिनं हातातली कणीक ठेवून, हात धुऊन बसायला हवं होतं."

"कणीक?" रेडिओनं कागद चाळला. "कणीक कुठे आहे यात?"

मॅडमनी मात्र कागदाकडे पाहिलं नाही. त्यांनी चष्म्यावरून काकूंकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. वकिलाचं नख थांबलं.

"कणीक असेल किंवा दुसरं काही काम असेल," मॅडम शेवटी म्हणाल्या. "बसा काकू. ही मुलाखत धरू आपण. पुढचा गट."

काकू बसल्या. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की पुढच्या गटाचं वाचन सुरू झालंय आणि आपण काहीच लिहून घेत नाही आहोत.

ऑफिसातून त्या दिवशी त्या सरळ घरी गेल्या नाहीत. बागेत गेल्या. इतकी वर्षं गावात राहून काकू बागेत आल्या होत्या त्या मुलगा लहान असतानाच. फाटक तेच होतं, घसरगुंडी नवी होती. आई पलीकडच्या रांगेत एका बाकावर बसली होती. हातात पेपर. शेजारी तिनं आपली कापडी पिशवी ठेवली होती.

बागेत गर्दी होती. काठी टेकत एक गृहस्थ बाकाशी आले, त्यांनी पिशवी पाहिली आणि काही न विचारता पुढच्या बाकाकडे गेले. रोज येणाऱ्यांना माहीत असावं.

काकू जवळ गेल्या. आई पेपर वाचत होती, मनात नव्हे, हळू आवाजात. काकूंना बघून थांबली.

"तू इकडे कुठे?"

"धरली," काकू म्हणाल्या.

"काय?"

काकू वाकल्या आणि आईच्या कानाशी मोठ्यानं म्हणाल्या, "मुलाखत. धरली मॅडमनी."

"असं," आई म्हणाली. "बरं झालं."

तिनं पेपरची घडी नीट केली. पिशवी उचलली नाही. काकूंनीही उचल म्हटलं नाही. बाकाच्या पार टोकाला वीतभर जागा उरली होती, तिथे त्या कशाबशा टेकल्या.

"वाच ना," त्या म्हणाल्या. "थांबलीस का?"

आईनं चष्मा सारखा केला आणि मधल्या जागेकडे थोडं तोंड करून पुढची बातमी वाचायला लागली.